बंधनऊर्जेचं पान

आजचा अख्खा दिवस अणुविज्ञानाची पुस्तकं चाळण्यात गेला. शाळेच्या शेवटच्या वर्षांतल्या, जरा पुढचं मागणाऱ्या मुलांसाठी एक पुस्तक हवंय. शालेय पुस्तकं हा विषय दोन-चार पानांत उरकतात आणि विद्यापीठाची पुस्तकं दुसऱ्याच प्रकरणात श्रोडिंगरचं समीकरण, म्हणजे पुंजयामिकीचं अवघड गणित, मांडून बसतात.

शेवटी मी प्रत्येकात एकच पान शोधू लागले: प्रति न्यूक्लिऑन बंधनऊर्जेचा आलेख, म्हणजे अणुकेंद्र पूर्ण सुटं करायला त्यातल्या प्रत्येक कणामागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) सरासरी किती ऊर्जा लागते, त्याचा. बहुतेकांनी तो छापून खाली 'लोह सर्वांत स्थिर' एवढंच लिहिलंय. (निकेल-६२ किंचित पुढे आहे, पण असो.) एकाने मात्र हिशेब मुलांवरच सोपवलाय. युरेनियम-२३५ पाशी सुमारे ७.६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक), विखंडनात केंद्र फुटून होणाऱ्या तुकड्यांपाशी ८.५, फरकाला केंद्रातल्या कणांच्या संख्येने, २३५ ने गुणा, की एका विखंडनातून २०० एमईव्हीच्या आसपास ऊर्जा! बंधनऊर्जेचा अंदाज देणारं वाइझसेकरचं १९३५ चं सूत्रही त्यात कॅलक्युलसशिवाय समजावलंय. हेच घ्यायचं ठरवलं.

बेकरेल (सेकंदाला किती केंद्रांचा क्षय होतो) आणि सीव्हर्ट (किरणोत्साराचा शरीरावर किती परिणाम होतो) या एककांमधला फरक तिथे दीड ओळीत गुंडाळलाय, त्याचं टिपण मीच काढणार. सुरुवात किरणोत्सारी पोटॅशियम-४० पासून. ते आपल्या प्रत्येकाच्या शरीरात असतं म्हटल्यावर मुलं प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाहीत.