“खाली धागा गोळा होतो” या फोनपासून सुरू झालेली आमची वाटचाल

आमचं काम शिलाई मशीन दुरुस्तीचं आणि सुट्या भागांचं. बाबांनी सुरू केलं, आता मी आणि माझा धाकटा भाऊ सांभाळतो. भाऊ मशीन उघडतो. हिशेब, माल, फोन माझ्याकडे, आणि गेली काही वर्षं लिखाणही माझ्याकडेच. दुरुस्तीच्या कामात लिखाण कुठून आलं, असं बरेच जण विचारतात. आज आमच्याकडे येणारं नवं माणूस बहुतेक वेळा “तुमचं वाचून आलो” नाहीतर “तुमचा व्हिडिओ बघितला” असं म्हणतच आत येतं. म्हणून आमची वाटचाल सांगायची तर ती मी या लिखाणापासूनच सांगेन.

बाबांच्या वेळी कामं तोंडोतोंडी यायची. एका शिंप्याचं मशीन नीट झालं की तो चार जणांना सांगायचा. पुढे गिऱ्हाईक बदललं. घरी बसून स्वतःपुरतं शिवणारी, फोनवर बघून शिवण शिकणारी माणसं वाढली. त्यांच्या ओळखीत मशीन दुरुस्त करणारा कुणी नसतो. मशीन अडलं की ती आधी फोनवर शोधतात, आणि तिथे आम्ही कुठेच नव्हतो.

वेबसाइट होती म्हणा. “आमच्याविषयी”, “तत्पर सेवा, वाजवी दर”, कंपन्यांच्या पत्रकांतून घेतलेले मशीनचे फोटो. एकदा पैसे देऊन करून घेतली आणि तशीच राहिली. तिच्यात चुकीचं काही नव्हतं, पण कुणाच्या उपयोगाचंही काही नव्हतं. महिनोन्महिने तिच्यावरून एक फोन आला नाही.

फोन यायचे ते नेहमीच्या लोकांचे, आणि त्यातला एक प्रश्न तर रोजचाच. “ताई, मशीन खाली धाग्याचं जाळं करतंय. बॉबिन तीनदा काढून घातली, तरी तेच.” एका संध्याकाळी त्या दिवसातला तिसरा असा फोन ठेवला आणि जे बोलले होते तेच कागदावर उतरवलं. आमचा पहिला लेख तो.

त्यात सांगितलं होतं ते असं. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिन, म्हणजे खालच्या धाग्याची छोटी रीळ, खोलून बसतात. दोष बहुतेक वेळा वरच्या धाग्यात असतो. वरचा धागा दोन छोट्या चकत्यांच्या मधून जातो. त्या चकत्या त्याला धरून ठेवतात, त्यालाच आपण टेन्शन म्हणतो. मशीनचा पाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग, खाली असताना धागा ओवला तर चकत्या आधीच आवळलेल्या असतात आणि धागा त्यांच्या मध्ये न शिरता कडेवरून निघून जातो. मग त्याला धरायला कुणीच उरत नाही. बॉबिनभोवती फिरणारा हूक हवा तेवढा धागा खाली ओढतो, धागा वर खेचणारा लिव्हर तो पुरता मागे खेचू शकत नाही, आणि कापडाखाली जाळं साचतं. उपाय एवढाच: पाय वर उचला, हाताचं चाक फिरवून सुई सगळ्यात वर आणा, वरचा धागा पूर्ण काढून पहिल्यापासून ओवा. मग पाय खाली सोडा आणि धागा हाताने ओढून बघा. अडखळत, जोर लावून आला तर तो चकत्यांत बसलाय. सरसर आला तर नाही बसला, पुन्हा ओवा.

भावाने वाचलं आणि म्हणाला, “ताई, हे सगळं असं फुकट सांगून टाकलंस तर लोक आपल्याकडे कशाला येतील?”

त्याची काळजी रास्त होती. असं मशीन आमच्याकडे आलं की आम्हीही तेच करायचो, धागा काढून पुन्हा ओवायचो. पण त्याचे पैसे मागायला बाबांनाही कधी जड जायचं आणि आम्हालाही. समोरच्याने ओझं उचलून आणलेलं असतं, दोन मिनिटांत ते सुरू होतं, आणि त्याला वाटतं आपल्याला फसवलं. त्या कामातून हाती काही लागत नव्हतं, उलट मन खट्टू व्हायचं. म्हणून मी लेख राहू दिला.

पहिले काही महिने वाचणारे बोटांवर मोजण्याइतके होते. फायदा मात्र लगेच दिसला, आणि तो वेगळ्याच बाजूने. तो प्रश्न घेऊन फोन आला की मी लेख व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. दहा मिनिटांचं बोलणं एका मिनिटावर आलं, समोरच्याकडे पुढच्या वेळेसाठी लिहिलेलं राहिलं, आणि त्यांनी तो आपल्या शिवणाच्या गटात पुढे पाठवला. त्या गटांतल्या बायकांनी आम्हाला कधी पाहिलं नव्हतं. वर्षभराने त्यांच्यापैकी कुणाचं हूकचं टायमिंग, म्हणजे सुईशी असलेला त्याचा मेळ, गेलं, कुणाची मोटर जळाली, तेव्हा फोन आला तो आम्हाला. घरी जमणारं त्यांनी घरी केलं आणि खरं दुरुस्तीचं काम आमच्याकडे आणलं. भावाची शंका तिथे मिटली.

नंतर या धंद्याचा इतिहास वाचताना कळलं की गिऱ्हाइकाला आधी शिकवायची ही रीत जुनीच आहे. आयझॅक सिंगरला त्याच्या मशीनचं पेटंट 1851 मध्ये मिळालं. तेव्हा सामान्य घरात असं यंत्र कुणी चालवलेलं नव्हतं. मग त्याच्या कंपनीच्या विक्रीच्या दालनांत स्त्रिया बसून लोकांसमोर मशीन चालवून दाखवायच्या, आणि 1856 पासून कंपनीने हप्त्यांवर विकायला सुरुवात केली. शेतीची अवजारं करणाऱ्या जॉन डीअर कंपनीने 1895 मध्ये शेतकऱ्यांसाठी नियतकालिक काढलं. टायर बनवणाऱ्या मिशेलिनने 1900 मध्ये गाडीवाल्यांसाठी मार्गदर्शिका छापली आणि फुकट वाटली, तिच्यात टायर कसा बदलायचा हेही होतं. ब्लॉग हा शब्द 1999 मधला आणि वेबसाइट बनवायचं साधन असलेलं वर्डप्रेस 2003 मध्ये आलं. छापखान्याचा खर्च गेला आणि आमच्यासारख्या दोन माणसांच्या व्यवसायालाही ते जमू लागलं, एवढाच फरक मला दिसतो.

लिहीत गेलो तसं एक कळलं, की आमची भाषा आणि लोकांची भाषा वेगळी आहे. आम्ही “टेन्शन बिघडलंय” म्हणतो. लोक शोधतात “मशीन टाके सोडते”, “सुई सारखी तुटते”, “कापड पुढे सरकत नाही”. गूगल सर्च कन्सोल नावाची सोय आहे, फुकट आहे. आपलं पान कोणते शब्द शोधल्यावर लोकांना दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं, हे तिथे कळतं. मी ती यादी दर सोमवारी बघते. फीड डॉग म्हणजे कापड पुढे सरकवणारे दाते; आमचा एक लेख “फीड डॉगची झीज” या नावाने धूळ खात पडला होता. मजकुराला हात न लावता “मशीन कापड पुढे ढकलत नाही, काय बघावं?” असं नाव दिलं आणि तो वाचला जाऊ लागला. लहान व्यवसायाने पैशाच्या जाहिरातीकडे वळण्याआधी ही यादी उघडावी, असं मला मनापासून वाटतं. गिऱ्हाईक आपल्या तोंडाने काय मागतंय, ते तिथे लिहिलेलं असतं.

एक चूकही झाली. कामाचा रेटा होता म्हणून लेख बाहेरून लिहून घेतले. भाषा सफाईदार होती. एका लेखात आलं की सुईची सपाट बाजू नेहमी मागे ठेवावी. पुष्कळ घरगुती मशीनना ते लागू पडतं, पण ज्या जुन्या मशीनमध्ये धागा सुईतून आडवा, बाजूने ओवतात, तिथे सपाट बाजूही बाजूला येते. एका वाचक बाईंनी कळवलं, की तुमचं वाचून सुई लावली आणि टाकाच पडेना. मला फार लागलं ते. आमच्या नावावर विश्वास ठेवून त्यांनी तासभर घालवला होता. लेख त्याच दिवशी दुरुस्त केला, आधी काय चुकलं होतं तेही वर लिहिलं, आणि बाहेरून लिहून घेणं बंद केलं.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. भाऊ मशीन उघडतो तेव्हा फोन शेजारी ठेवून त्याचं बोलणं रेकॉर्ड करायचं. त्याला लिहायला बसवलं तर दोन ओळी होत नाहीत, पण हातात स्क्रूड्रायव्हर असला की तो छान बोलतो. “हे बघ, सुईवर 90/14 लिहिलंय. 90 म्हणजे दांडीची जाडी 0.9 मिलिमीटर, 14 हा त्याच सुईचा जुना नंबर. जीन्सला ही पुरत नाही, 100/16 घे.” मी ते ऐकून लिहून काढते, तो वाचून चुका सांगतो. एक लेख व्हायला चार दिवस जातात. जाऊ देत.

समाजमाध्यमांवर आम्ही उशिरा आलो आणि सुरुवातीला सगळ्यांसारखीच सुप्रभातची चित्रं टाकली. ओळखीचे लोक अंगठा दाखवायचे, काम काही यायचं नाही. मग एकदा भावाने एका मशीनची सुईखालची पट्टी काढली. खाली, कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या मध्ये, धाग्याचे बारीक तंतू आणि तेल मिळून जाड नमदा झाला होता. चिमट्याने तो अख्खा उचलला तर दात्यांचे ठसे त्यावर उमटलेले. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मी इन्स्टाग्रामवर टाकला, वर एकच ओळ लिहिली: “ही पट्टी शेवटची कधी काढली होती?” आमच्या कुठल्याही लेखापेक्षा तो जास्त पसरला. लोकांनी आपापल्या पट्ट्या काढून फोटो पाठवले. आमच्या प्रोफाइलवर सफाईच्या लेखाचा दुवा होता, तिथून माणसं वेबसाइटवर आली.

इन्स्टाग्रामची स्टोरी काय, व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस काय, 24 तासांत दिसेनासं होतं. त्यावर आम्ही त्या दिवसाचं काम, आलेला माल, सुट्टी एवढंच टाकतो. यूट्यूबवरचा व्हिडिओ आणि वेबसाइटवरचा लेख मात्र शोधणाऱ्याला वर्षांनीही सापडतो. त्या पहिल्या लेखावरून आजही लोक येतात. म्हणून मेहनतीचं सगळं आधी वेबसाइटवर जातं आणि त्याचा एखादा तुकडा समाजमाध्यमांवर.

एकदा एका गिऱ्हाइकाने आमच्या पानावर सगळ्यांसमोर लिहिलं, की दुरुस्त करून नेलेलं मशीन आठवड्यात पुन्हा खडखडतंय, पैसे वाया गेले. भाऊ म्हणाला काढून टाक. मी तिथेच उत्तर लिहिलं, की उद्या मशीन घेऊन या, आम्ही उघडून बघतो. उघडलं तर आमच्याच हातून एक स्क्रू सैल राहिला होता. तो आवळला, पैसे घेतले नाहीत, आणि त्याच तक्रारीखाली काय सापडलं ते लिहिलं. त्या गृहस्थांनीही खाली दोन ओळी लिहिल्या. पुढे कितीतरी नव्या लोकांनी आम्हाला सांगितलं, की आम्ही ती तक्रार वाचली होती, म्हणूनच तुमच्याकडे आलो.

आणखी एका गोष्टीने झोप उडाली होती. एका समाजमाध्यमावरचं आमचं पान अचानक बंद झालं. कुणीतरी आमच्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला असावा. कुणाला फोन करावा तर नंबर नाही, अर्ज केला तर ठरीव उत्तर. काही आठवड्यांनी पान परत मिळालं, पण तेवढ्या दिवसांत तिथे आलेले निरोप आम्हाला दिसलेच नाहीत. ऑर्कुट हे समाजमाध्यम 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, सर्वसामान्यांसाठीचं गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये. तिथे वर्षानुवर्षं जमवलेल्या गोतावळ्याचं काय झालं असेल, याचा विचार मी आधी कधी केला नव्हता.

तेव्हा बसून कागदपत्रं काढली तर कळलं, की वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नोंदवलेलं होतं. आमच्या व्यवसायाचं नाव, आणि मालक दुसराच. त्याने बिचाऱ्याने खळखळ न करता बदलून दिलं, पण न दिलं असतं तर आम्ही काय केलं असतं? हे वाचणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने आजच्या आज तपासावं: डोमेन कुणाच्या नावावर आहे, त्याची मुदत कधी संपते, आणि मुदत संपायची सूचना कुणाच्या ईमेलवर जाते. सगळ्या लेखांची एक प्रत मी आता दर महिन्याला वेगळ्या डिस्कवर ठेवते. गिऱ्हाइकांचे नंबर, त्यांना विचारून, आमच्या वहीत असतात.

जाहिरातींवरही थोडा खर्च करून पाहिला. फोन आले, पण बरेचसे नुसते दर विचारून ठेवून देणारे. लेख वाचून येणारा माणूस आपलं मशीन ओळखून येतो, बिघाड शब्दांत सांगतो, आणि जुन्या मशीनचा भाग मिळत नाही म्हटलं तर समजून घेतो. भावाला काम करायला हीच माणसं आवडतात.

सध्या चार धाग्यांच्या ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाची कड शिवणाऱ्या मशीनवर, लिहितो आहोत. त्यात दोन सुया, धाग्याचे फास घालणारे दोन लूपर, आणि ओवण्याचा क्रम चुकला की धागा तुटतोच. आधी वरचा लूपर, मग खालचा, सुया शेवटी. मधेच खालच्या लूपरचा धागा तुटला तर लोक तेवढाच ओवून मोकळे होतात आणि तो पुन्हा तुटतो. आधी सुयांतले धागे काढायला हवेत, तेव्हा कुठे खालच्या लूपरचा धागा मोकळा बसतो. भावाने काल हे दोनदा करून दाखवलं, पण त्याच्या हाताची सावली पडून नेमका खालचा लूपर दिसतच नाही. आज दिवा डावीकडे ठेवून पुन्हा चित्रीकरण करायचं आहे.