न विणलेल्या चादरी

एप्रिलात दुपारी एक ते चार सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान उघडं ठेवायचं म्हणजे पंख्याला सोबत करायची. त्या सोमवारी शटर अर्धं ओढून मी भाकरी-शेंगाचटणीचा डबा उघडला आणि बाहेर रिक्षा थांबली. डोक्यावर ओला टॉवेल टाकलेले मामा उतरले. मागे रिक्षावाल्याच्या हातात सीपीयू.

मामा नात्यातले नाहीत. पूर्व भागात त्यांचा चादरीचा कारखाना, वडिलांच्या वेळेपासूनची ओळख. घरात तेलुगू, बाजारात मराठी, वैतागले की दोन्ही एकदम.

"यातली एक्केचाळीस डिझाइनं उडवायची. पोरगं म्हणतंय उडवली. तू बघ."

जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे, सहा माग ते विकत होते. घेणारा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला. डिझाइनचं सॉफ्टवेअर चालू स्थितीत मिळालं तरच सौदा, ही त्याची अट. ते सॉफ्टवेअर जुनं, त्याची सीडी हरवलेली, विकणारी कंपनी बंद पडलेली. सीपीयूच्या मागे लावलेल्या डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या छोट्या किल्लीवर, ते चालायचं, एवढाच काय तो आधार. म्हणजे फॉरमॅट करून मोकळं होण्याची सोयच नव्हती. बाकी सगळं जागेवर ठेवून नेमक्या ४१ फायली नाहीशा करायच्या होत्या.

"एवढं काय आहे त्यात?" मी विचारलं.

"जी चादर बाजारात गेली, ती गेली. भिंग घेऊन धागे मोजले की कुणीपण चौकटीच्या कागदावर नक्षीचा ग्राफ काढतो. या एक्केचाळीस अजून विणल्याच नाहीत."

मुलाने शिफ्ट दाबून डिलीट केलं होतं, त्यामुळे रिसायकल बिन रिकामा. मी रिकव्हरीचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालू केला. दहाव्या मिनिटाला यादी आली, नावांसकट. एकीवर क्लिक केलं तर कोपऱ्यात मोर आणि मधे कमळ असलेली अख्खी चादर पडद्यावर. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मुलाला फोन लावून तेलुगूत बोलले. मला अर्थ कळला, तो इथे लिहीत नाही.

मामांना मी खतावणीचं उदाहरण दिलं. माल गोदामात असतो आणि वहीत त्याची नोंद असते. आपण डिलीट म्हणतो तेव्हा विंडोज वहीतली नोंद खोडतं आणि 'ही जागा मोकळी' असा शेरा मारतं. गठ्ठा तिथेच पडून. त्या जागी नवा माल येईपर्यंत कुणीही आत शिरून तो बघू शकतो.

"मग वर दुसरा माल टाक की."

बरोबर तेच करायचं असतं. पण इथे मुलाच्या घाईने एक घोळ केला होता. एकेक फाइल पुसणारी साधनं आहेत. मायक्रोसॉफ्टचं एसडिलीट मी वापरतो. ते फाइलवर आधी दुसरा डेटा लिहितं, मग तिचं नाव २६ वेळा बदलतं, ए पासून झेडपर्यंत, म्हणजे वहीत नावसुद्धा राहू नये. पण त्यासाठी फाइल अजून जागेवर असावी लागते. नोंद आधीच खोडली असेल तर नेमकं कुठे लिहायचं हे त्या साधनाला कसं कळणार? मग सगळीच मोकळी जागा घासावी लागते. जे काम दोन मिनिटांत झालं असतं, त्याला संध्याकाळ लागणार होती.

तसंही ते करावं लागलंच असतं म्हणा. नावं सोडून नुसत्या फायलींच्या खुणांवरून शोधणारा प्रोग्राम लावला, तर ४१ ऐवजी सहाशेच्या वर चित्रं निघाली. त्या सॉफ्टवेअरची रीतच अशी की दर सेव्हला नवी फाइल लिहायची आणि जुनी टाकून द्यायची. मोराची मान तीनदा बदललेली, कमळाच्या पाकळ्या आठाच्या बारा झालेल्या, असा मामांच्या चार वर्षांच्या खोडाखोडीचा सगळा इतिहास मोकळ्या जागेत पडून होता. मामा तो बघत बसले. "ही मान मी का बदलली?" असंही एकदा स्वतःशीच म्हणाले. मला घाई होती, पण मी थांबलो.

डिझाइनं होती ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर. विंडोजमध्येच सायफर नावाची कमांड आहे, ती मोकळ्या जागेवर आधी शून्यं, मग सगळे एक, मग काहीही आकडे असं तीनदा लिहिते. लागले साडेचार तास. मधे एकदा लाइट गेली, यूपीएसने वाचवलं. माझ्या मते एक फेरी पुरे. ३५ वेळा पुसा म्हणणारी पोरं मला भेटतात. तो आकडा संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गटमन यांच्या १९९६ च्या लेखातला, तेव्हाच्या आणि त्याआधीच्या निरनिराळ्या डिस्क धरून काढलेला. आजच्या डिस्कवर सगळ्या ३५ फेऱ्यांना अर्थ नाही, हे पुढे त्यांनीच सांगितलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेची मार्गदर्शिकाही साध्या हार्ड डिस्कला एक फेरी पुरेशी मानते. पण मामांना तीन म्हटल्यावर बरं वाटलं.

परत स्कॅन केलं, काही निघालं नाही. मी हुश्श केलं. मामांनी मात्र सहज एका रिकाम्या फोल्डरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे चित्र छोटं करून दाखवतं ना, ते कुठं ठेवतं?"

या प्रश्नाने माझी झोप उडवली. फोल्डरमध्ये दिसणारी छोटी चित्रं विंडोज वेगळ्या फायलीत साठवून ठेवतं आणि मूळ फाइल गेली तरी ती तिथेच राहतात. उघडून बघितलं तर सगळीच्या सगळी ४१ हजर. माझ्या डोळ्याला ते बोटभर रंगाचे ठिपके. मामा एकेकाकडे बघून सांगत होते, "मोर. वेल. पैठणी काठ." ज्याला ते ओळखता येतं त्याला ग्राफ परत मांडायला किती वेळ लागेल, असं मी विचारलं. "दोन दिवस," ते म्हणाले.

ही छोटी चित्रं होती सी ड्राइव्हवर आणि सी ड्राइव्ह होता एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर लिहिणारी डिस्क. तो दिवाळीत मीच बसवला होता, 'मामा, बघा कसा पळतो' म्हणत. आता तोच आडवा आला. एसएसडीत एखाद्या जागेवर पुन्हा लिहायला सांगितलं तरी आतला कंट्रोलर नवा डेटा दुसऱ्याच पेशीत नेऊन ठेवतो, सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून. जुना डेटा मागे राहू शकतो. ट्रिम, म्हणजे 'ही जागा आता नको' असा निरोप, दिल्यावर तो साध्या प्रोग्रामला दिसत नाही, पण एखादीच फाइल पक्की पुसली गेली असं छातीठोक सांगता येत नाही. मी तसं सरळ सांगितलं. एरवी गिऱ्हाइकाला 'झालं' म्हणून मोकळा होतो, हे कबूल करतो.

मग वाट वेगळी काढली. छोट्या चित्रांचा साठा, 'नुकत्याच उघडलेल्या' यादीतली नावं, सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फायली, रिस्टोअर पॉइंटमधल्या जुन्या प्रती, सगळं काढलं. मग एक नवा एसएसडी घेतला आणि वापरात असलेला तेवढाच डेटा त्यावर उतरवला. मोकळी जागा नवीन डिस्कवर जातच नाही, त्यामुळे तिथे पडलेली भुतंही जात नाहीत. डोंगल लावला, सॉफ्टवेअर उघडलं. जुन्या एसएसडीसाठी मामांनी हातोडी मागितली. प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, एवढंच मी सांगितलं. पायरीवर बसून त्यांनी ते काम नेटाने केलं.

रात्री साडेदहाला एसएसडीचे पैसे आणि ८०० रुपये मजुरी घेतली.

आठ दिवसांनी एमआयडीसीतून फोन. मशीन झकास चालतंय, फक्त फाइल मेनूत खाली चार नावं येतात, दाबली की 'फाइल सापडत नाही' म्हणतं, ती काढता येतील का? मी कपाळावर हात मारला. विंडोजची यादी पुसली होती, पण सॉफ्टवेअरची स्वतःची यादी राहिलीच होती. मामा फाइलला पार्टीचं नाव देत. म्हणजे डिझाइन नाही, पण ते कुणासाठी होतं हे चार ठिकाणी छापून गेलं होतं. दुपारीच गाडी काढली, तिथे जाऊन चार कोरे ग्राफ उघडून सेव्ह केले, तेव्हा जुनी नावं यादीतून खाली ढकलली गेली.

परतताना मामांकडे गेलो आणि सांगून टाकलं.

"कुठली चार?"

मी नावं सांगितली. तिसऱ्या नावाला त्यांनी हात वर केला. "ते वाचलं असलं तर बरंच झालं. उधारीवाली पार्टी आहे. घेऊ दे त्याला."