श्रीराचातली तीन वर्षं आणि पासपोर्टातले शिक्के

मुंबईहून रात्रीचं विमान पकडलं की साडेचार तासांत थायलंडमधलं सुवर्णभूमी, म्हणजे बँकॉकचं विमानतळ, येतं, घड्याळ दीड तास पुढे करायचं, बाहेर पडलं की तीच चिकचिकीत हवा, अगदी जूनमधली मुंबई. आम्ही २०२२ च्या जुलैमध्ये आलो तेव्हा दोन मोठ्या बॅगा, एक कुकर आणि सासूबाईंनी दिलेला दोन किलो गोडा मसाला एवढं सामान होतं. कंपनीची गाडी न्यायला आली होती. बँकॉक बाजूला राहिलं, गाडी सरळ चोनबुरी प्रांताच्या दिशेने निघाली, आणि साधारण तासा-सव्वा तासात आम्ही श्रीराचाला पोचलो. थाई लिहितात त्या स्पेलिंगने हे नाव मुळात श्रीराजा आहे हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं, तोपर्यंत मी सॉसच्या बाटलीवरचं नाव म्हणूनच ओळखायचो. सॉस इथलाच आहे, ते खरंच.

पुण्यातून, चाकणमधून, संभाजीनगरमधून इकडे येणारे बरेच जण ऑटो पार्ट्सवाले असतात, कारण अमाता सिटी, रायोंग, लाएम छाबांग बंदर हा सगळा पट्टा गाड्यांच्या कारखान्यांचा आहे. सध्या ओळखीतली तीन-चार कुटुंबं यायच्या तयारीत आहेत आणि सगळे फोनवर तेच तेच विचारतात, घर कुठे घ्यायचं, व्हेज मिळतं का, शाळेची फी किती. कागदांबद्दल मात्र कोणीच विचारत नाही. म्हणून आधी कागदांचंच सांगतो, कारण आम्हाला जे भोगावं लागलं ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

२०२३ चा डिसेंबर. रात्री अकराला सांगलीहून मेव्हण्याचा फोन, बाबांना आयसीयूत हलवलंय, ताईला पाठव. सकाळच्या फ्लाइटचं तिकीट मिळालं, मी बायकोला एअरपोर्टला सोडलं, ती गेली. चार दिवसांनी सासरे गेले. दिवस-कार्य उरकून ती जानेवारीत परत आली तर काउंटरवरच्या ऑफिसरने तिचा पासपोर्ट उलटापालटा करून पाहिला आणि ३० दिवसांचा शिक्का मारला, तेव्हा टुरिस्टला मारायचे तो. तिचं एक वर्षाचं एक्स्टेंशन, म्हणजे राहायची वाढवून मिळालेली मुदत, संपायला सहा महिने बाकी होते, ते गेलं. का, तर देश सोडताना री-एंट्री परमिट घेतलेलं नव्हतं.

हे नीट समजून घ्या कारण व्हिसाच्या कागदावर हे कुठेच मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. थायलंडमध्ये राहायची मुदत वाढवून मिळते ती तुम्ही देशात आहात तोपर्यंतच जिवंत असते. बाहेर पाऊल टाकलं की ती रद्द, मग वर्ष शिल्लक असो की दोन दिवस. ती राखून ठेवायची तर आधी री-एंट्री परमिट काढायचं, टीएम ८ नावाचा फॉर्म, एका वेळेचं १,००० बाट आणि कितीही वेळा जा-ये करायचं ३,८०० बाट. आमचे कागद बघणाऱ्या एजंटने माझं मल्टिपल काढून दिलं होतं, बायकोचं 'जायचं ठरलं की काढू' म्हणून ठेवलं. आणि सगळ्यात वाईट वाटतं ते हे, की हे परमिट सुवर्णभूमीवरच, इमिग्रेशनजवळच्या काउंटरला सुद्धा मिळतं. फोटो आणि पैसे असते तर त्या सकाळी अर्ध्या तासात काम झालं असतं. मला माहीतच नव्हतं. ती रडत जात होती, तिला कुठून सुचणार.

मग नॉन-ओ, म्हणजे तिचा डिपेंडंट व्हिसा, पहिल्यापासून. पुन्हा मॅरेज सर्टिफिकेट, पुन्हा थाई भाषांतर, कंपनीची पत्रं, माझे टॅक्सचे कागद, घराचे फोटो ज्यात आम्ही दोघं दिसतोय असे. नुकतेच वडील गेलेल्या बाईने सोफ्यावर बसून फोटो काढून द्यायचा. जवळजवळ दोन महिने गेले त्यात. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, एक्स्टेंशन झालं की त्याच दिवशी, त्याच ऑफिसात, दोघांचं मल्टिपल री-एंट्री. ३,८०० बाट जास्त वाटतात पण आपल्यासारख्यांचे आईवडील तिकडे आहेत, फोन कधी येईल सांगता येत नाही.

मॅरेज सर्टिफिकेटचं भारतातूनच पूर्ण करून या. आपल्याला वाटतं अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठीचा सरकारी शिक्का, केलं की झालं, आमच्या वेळी ते इथे चाललं नाही, परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन आणि वर थाई एम्बसीचा शिक्का लागला. मुलांच्या जन्मदाखल्याचंही तसंच. नावाचं स्पेलिंग पासपोर्टाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते निघायच्या आधी बघा, बायकांचं लग्नाआधीचं नाव आणि नंतरचं नाव यात हमखास घोळ होतो.

आता नव्वद दिवसांचं. इथे सलग राहात असाल तर दर ९० दिवसांनी मी अमुक पत्त्यावर राहतो असं कळवावं लागतं, टीएम ४७. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत ऑफिसात देता येतो, उशीर झाला तर २,००० बाट दंड. पहिला रिपोर्ट स्वतः जाऊन द्यायचा, पुढचे ऑनलाइन होतात. मध्ये भारतात जाऊन आलात तर मोजणी परत एकपासून सुरू. हा व्हिसा नाही, त्याने मुदत वाढत नाही, नुसती हजेरी आहे, पण कितीतरी जण दोन्हीची गल्लत करतात आणि मग ओव्हरस्टे होतो, दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००, आणि पैशापेक्षा पासपोर्टावर डाग लागतो ते वेगळंच.

याच्याही आधीची पायरी टीएम ३०, घरात कोण राहायला आलंय ते कळवायचा फॉर्म, आणि तो घरमालकाने भरायचा असतो, परदेशी माणूस राहायला आल्यापासून २४ तासांत. मालकाने भरला नसेल तर काउंटरवर अडतो आपण. म्हणून घर बघताना भाड्याच्या आधी मी हा प्रश्न विचारतो, टीएम ३० भरणार का. जो मालक आढेवेढे घेतो त्याचं घर कितीही चांगलं असलं, समुद्र दिसत असला तरी सोडून द्या.

आमची घरमालकीण साठीची आहे, बाजारात तिचं सुक्या मासळीचं दुकान आहे. तिला आम्ही 'पा' म्हणतो. थाईमध्ये अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारतात, मोठ्याला 'फी' म्हणजे दादा किंवा ताई, लहानाला 'नाँग', वडीलधाऱ्या बाईला 'पा', म्हणजे आपली मावशीच. नुसतं नाव घेऊन हाक मारली तर त्यांना टोचतं, आपल्यालाही टोचतंच की. पा पहिल्या दिवशी स्वतः आम्हाला घेऊन 'निती'त गेली. निती म्हणजे सोसायटीचं ऑफिस, शब्द आपलाच, नीती. तिथे चावीचं कार्ड, पार्किंग, पार्सल सगळं त्यांच्याकडे. घर घेताना दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ अशी पद्धत आहे, आत जाण्याआधी भिंतीचा कोपरा न् कोपरा मोबाइलवर शूट करून मालकाला पाठवून ठेवा, सोडताना डिपॉझिटवरूनच भांडणं होतात. आणि विजेचं बिल थेट वीज कंपनीचं येतं का मालक स्वतः लावतो ते विचारा. थेट असेल तर युनिट साधारण चार-साडेचार बाटला पडतं, काही ठिकाणी मालक सात-आठ लावतात, आणि एप्रिलमध्ये एसी बंद करायची सोय नसते.

खाण्याचं. मी सगळं खातो, बायको पूर्ण शाकाहारी, श्रावणात कांदा-लसूणही नाही. पहिले दोन महिने ती फळं आणि घरचं वरणभात यावरच होती. मग बाजारात एका गाडीवर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं, 'जे'. जे म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही, दूधही नाही. वर्षातून एकदा, साधारण ऑक्टोबरच्या आसपास, नऊ दिवस लोक जे पाळतात, तेव्हा सगळीकडे पिवळे झेंडे लागतात आणि हिला अगदी माहेरी आल्यासारखं होतं. दुसरा शब्द 'मांगसाविरात', म्हणजे मांस-विरत, त्यात अंडं चालतं. पण नुसतं व्हेज सांगून भागत नाही, कारण नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी त्यांना मांसात मोजायची सवय नाही, ते मीठच आहे त्यांच्या लेखी. 'माय साय नाम प्ला' हे वाक्य पाठ करा. तिखटाचं मात्र आपल्या कोल्हापुरी जिभेवर जाऊ नका, इथली बारकी मिरची वेगळं प्रकरण आहे.

तुळशीची एक गोष्ट सांगायलाच हवी. 'काफ्राओ' म्हणून जी भाजी दर दुसऱ्या गाडीवर परततात त्यातली पानं म्हणजे आपली तुळस. बायकोने पहिल्यांदा कढईत ओंजळभर तुळस पडताना पाहिली तेव्हा ती दोन पावलं मागेच सरली. नंतर तिने बाजारातून त्याचंच रोप आणून बाल्कनीत लावलं, संध्याकाळी दिवा लावायला लागली. पा एकदा भाडं घ्यायला आली असताना ते बघून थांबली, कशासाठी म्हणून विचारलं, हिने मोडक्यातोडक्या थाईत सांगितलं की आमच्याकडे ही देवी आहे. 'पा'ने चप्पल काढून हात जोडले. पुढच्या खेपेला येताना तिने त्या कुंडीसाठी झेंडूची माळ आणली.

भाषा शिका, एवढं मी हात जोडून सांगेन. कारखान्यात दुभाष्या असतो, दवाखान्यात रात्री दोनला नसतो. आणि आपल्याला ती परकी नाही. अक्षरांची मांडणीच आपल्या वर्णमालेसारखी, कंठ्य, तालव्य अशी. बँकेवरची पाटी 'थनाखान', धनागार. हवा म्हणजे 'आकात', आकाश. बँकॉकमधल्या विजयस्तंभाच्या चौकाच्या नावात 'चाय समोराफूम', जय आणि समरभूमी. मंगळवार 'आंगखान', म्हणजे अंगारक, हे कळलं त्या दिवशी मी आईला मुद्दाम फोन केला होता. अडचण आहे ती सुरांची. 'क्लाय' सपाट म्हटलं तर लांब, वरून खाली आणत म्हटलं तर जवळ. मी एकदा साँगथाओवाल्याला, म्हणजे दोन बाकांच्या शेअर टेम्पोवाल्याला, दवाखाना जवळ आहे का विचारायला गेलो आणि तो लांब आहे लांब आहे असंच ऐकून मान हलवत राहिला.

'क्रेंग चाय' म्हणून एक गोष्ट आहे, मराठीत तिला भीड म्हणायचं. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल म्हणून नाही म्हणायचं नाही, चूक तोंडावर दाखवायची नाही. मी पुण्याच्या शॉप फ्लोअरवर वाढलेला माणूस, पहिल्याच महिन्यात लाइनवर एका पोराला सगळ्यांसमोर आवाज चढवून बोललो. तो हसला. मला वाटलं उर्मट आहे. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी राजीनामा. ते हसणं लाजेचं होतं हे मला त्याच्या सुपरवायझरने नंतर बाजूला घेऊन सांगितलं. त्या पोराची मला अजून आठवण येते. आवाज चढवला की इथे माणूस संपतो, काउंटरवरही तेच, कागद कमी पडला तर शांतपणे काय हवंय विचारा, हसून बोला, लिहून घ्या, परत या.

बाकीचं भराभर. डिपेंडंट व्हिसावर बायकोला काम करता येत नाही, घरून डबे विकणं किंवा योगाचे क्लास घेणंसुद्धा कामच धरलं जातं, वर्क परमिट वेगळं लागतं. नोकरीतून सोशल सिक्युरिटी कापली जाते, त्यातून तुम्हाला ठरलेल्या एका हॉस्पिटलात उपचार मिळतात, पण बायकामुलांना नाही, त्यांचा इन्शुरन्स कंपनीकडून लेखी मागून घ्या. कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात की टॅक्सच्या दृष्टीने रहिवासी, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळालेलं बाहेरचं उत्पन्न इथे आणलं तर त्यावरही कर लागू शकतो, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं इकडे मागवायच्या आधी सीएशी बोला, दोन देशांत दुहेरी कर टाळायचा करार आहे. मे २०२५ पासून येताना ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, त्याला पैसे लागत नाहीत, पैसे मागणाऱ्या साइट बनावट. बाइक चालवायची तर इथलं दुचाकीचं लायसन्स काढाच, त्याच्याशिवाय अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. ई-सिगारेट बंद आहे. राजघराण्याबद्दल कायदा फार कडक आहे, तीन ते पंधरा वर्षं शिक्षा, आणि त्यापलीकडे लोकांच्या मनात खरंच आदर आहे, तेव्हा जमिनीवर पडलेली नोट पायाने दाबून अडवायची सवय असेल तर तीसुद्धा सोडा, तिच्यावर राजाचा फोटो असतो.

तारखा. दुधाच्या बाटलीवर, पासबुकात, पावतीवर बौद्ध सन असतो, आपल्या सनात ५४३ मिळवा, २०२५ म्हणजे २५६८.

यंदा एप्रिलमध्ये साँगक्रान होता, शब्द संक्रांतच, सूर्य मेषेत जातो तेव्हाचा. रस्त्यावर पिचकाऱ्या चालतात ते सगळ्यांना माहीत आहे, पण सकाळी घरात वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात. 'पा'ची मुलं बँकॉकला असतात, त्यांना यायला दुपार होणार होती. तिने आम्हाला बोलावलं. मोगऱ्याच्या फुलांचं पाणी होतं चांदीच्या वाडग्यात, बायकोने तिच्या हातांवर घातलं, 'पा'ने ओले हात हिच्या डोक्यावरून फिरवले आणि हळू आवाजात बरंच काही म्हणाली, आम्हाला निम्मंच कळलं. मग मला बाजूला घेऊन तिने विचारलं, मेमध्ये सांगलीला जाणार आहात ना, हिचं री-एंट्री काढलंस का.

काढलं होतं. पासपोर्ट उघडून दाखवला तिला.