एसएसच्या टाकीला तांबेरा

जुलैची सकाळ. भोसरीतल्या आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये दुधाची टाकी डिस्पॅचला तयार होती, आदल्या दिवशी बाहेरून धुऊन ठेवलेली. मी क्वालिटी बघतो. शेवटची नजर टाकायला गेलो तर उभ्या वेल्डच्या दोन्ही बाजूंना तांबूस रेघा. ३०४ ग्रेडच्या एसएसवर, म्हणजे स्टेनलेस स्टीलवर, गंज! खरेदीदाराचे इन्स्पेक्टर आले, बघितलं आणि म्हणाले, "पत्राच खोटा आहे तुमचा."

पत्रा खोटा नव्हता. सर्टिफिकेट आणि हीट नंबर (पत्र्याच्या धातूचा बॅच नंबर) जुळत होते. शिवाय मोकळ्या पत्र्यावर गंजाचा ठिपका नव्हता. होता तो फक्त वेल्डलगत, ब्रशच्या रुंदीच्या पट्ट्यात, समांतर बारीक ओरखड्यांमध्ये. धातूच हलका असता तर गंज असा आखल्यासारखा आला नसता.

वेल्डिंगनंतर एसएसवर सोनेरी-निळी झाक चढते, ती काढायला वायर ब्रश मारतात. ब्रश मागवला. तारा एसएसच्याच. सगळे म्हणाले, मग ब्रशचा काय दोष? तेवढ्यात वेल्डरदादांना आठवलं, नाइट शिफ्टला हेल्परने याच ब्रशने खालच्या एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) फ्रेमच्या वेल्डवरचा स्लॅग, म्हणजे कवच, काढला होता आणि हातासरशी टाकीवरही फिरवला होता. तारांना चिकटलेले लोखंडाचे कण एसएसमध्ये रुतले. एसएसला राखतो तो क्रोमियम ऑक्साइडचा थर, आणि तो अवघा काही नॅनोमीटरचा. वर रुतलेल्या लोखंडाला त्याचं संरक्षण नाही, पाणी लागलं की ते गंजणारच.

इन्स्पेक्टरांसमोर फेरॉक्सिल टेस्ट घेतली; पृष्ठभागावर मोकळं लोखंड असेल तर तिथे निळा रंग येतो. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि नायट्रिक ॲसिडचं द्रावण वेल्डलगत लावलं, काही सेकंदांत ओरखडे गडद निळे झाले. बाजूच्या पत्र्यावर काहीच नाही. त्यांचा सूर तिथेच बदलला. दुधाचा संबंध असल्याने आतल्या बाजूला हे द्रावण लावू दिलं नाही. तिथे नुसतं पाणी मारून रात्रभर ठेवलं. आत स्वच्छ निघालं.

सुपरवायझर हेल्परचा पगार कापायला निघाले होते. मी आडवा आलो. त्या पोराला एमएसचा ब्रश वेगळा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि स्टोअरमध्ये सगळे ब्रश एकाच खोक्यात. लाखोंची टाकी अडते ती अशा किरकोळ समजल्या जाणाऱ्या वस्तूपायी, याची मला खरंच चीड येते.

बाहेरून पिकलिंग पेस्ट, म्हणजे रुतलेलं लोखंड विरघळवणारी ॲसिडची पेस्ट, लावली. त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, म्हणून ॲसिडचे हातमोजे, फेस शील्ड आणि शेजारी या ॲसिडच्या भाजण्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल ठेवूनच कामाला हात घातला. भरपूर पाण्याने धुतली, पुन्हा ओली ठेवली. तांबेरा आला नाही, इन्स्पेक्टरांनी सही केली.

आता एसएसच्या ब्रशांच्या मुठी निळ्या रंगवल्या आहेत आणि त्यांची पेटी एसएसचं टिग वेल्डिंग चालतं त्या बेमध्येच असते. एमएसवाला कुणी मागायला आला तर तोच हेल्पर देत नाही.