नवी फुप्फुसं मिळाली, पण गिळणं पुन्हा शिकावं लागलं

फुप्फुसं बदलायचं ऑपरेशन चेन्नईला झालं. व्हेंटिलेटर सुटला, श्वास मोकळा झाला, आणि आता फोंड्याला घरी जाऊन पोटभर जेवायचं एवढंच डोक्यात होतं.

आवाज तेवढा घोगरा झाला होता. ठसका नाही, खोकला नाही. मी सांगत होते, गिळता येतंय मला. गिळण्याच्या थेरपिस्टबाईंनी तरीही तपासणी लावली. नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि हिरवा रंग घातलेलं पाणी चमच्याने दिलं. पडद्यावर मीही बघत होते. डावा स्वरतंतू हलतच नव्हता, आणि हिरवा ओघळ सरळ श्वासनलिकेत उतरला. मला काही म्हणजे काही जाणवलं नाही! बसवलेल्या फुप्फुसांच्या नसा ऑपरेशनमध्ये जोडता येत नाहीत, त्यामुळे खाली पाणी गेलं तरी खोकल्याची उबळ येईलच असं नाही. एवढ्या कष्टाने मिळालेल्या फुप्फुसांत अन्न जाऊन न्यूमोनिया होणं किती सोपं होतं, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

गिळणं असं बिघडायची कारणं बरीच असतात. व्हेंटिलेटरची नळी घशात राहिलेली. ऑपरेशन चालू असताना हृदयावर किती ताण येतोय, जोडलेल्या शिरांतून रक्त नीट वाहतंय का, हे बघायला अन्ननलिकेत एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, प्रोब (नळी) सोडतात, तोही घशातूनच जातो. शिवाय डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरून महाधमनीखालून वळसा घेते, ती दुखावू शकते. माझ्या बाबतीत नेमकं काय झालं, ते डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. एकोबद्दल मात्र माझी तक्रार नाही. तो हवाच होता.

घरी खरा प्रश्न आला पेजेचा. आजाऱ्याला पेज चालत नाही, हे गोव्यातल्या घरात पटवणं कठीण. पण निवळ पाणी आणि उकड्या तांदळाची शितं एकाच घासात आली की शितं चावेपर्यंत पाणी घशात निसटतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पेज मिक्सरमधून काढली, चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतकी घट्ट. मान डावीकडे, न हलणाऱ्या स्वरतंतूच्या बाजूला वळवायची, जोर लावून गिळायचं, मग तोंडात काही न घेता एक कोरडा घोट. वाटी संपेपर्यंत सासूबाई समोर बसून राहायच्या. मध्ये बोलायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला.

परवाच्या तपासणीत मऊ भात आणि काटे काढलेल्या माशाला परवानगी मिळाली. पाणी अजून पावडर घालून दाट करूनच पिते. सोलकढीचं पुढच्या वेळी विचारणार आहे.