अण्णांच्या चपला

2025 ची आषाढी एकादशी 6 जुलैला, नेमकी रविवारी आली. मोहरमही त्याच दिवशी. आदली रात्र म्हणजे खत्तलरात्र, त्यामुळे गावात मोहरमचे पंजे बघणाऱ्यांची गर्दी उशिरापर्यंत होती. आणि सकाळी मी मिरजकर तिकटीला विठ्ठल मंदिरापाशी, कोल्हापूरजवळच्या नंदवाळच्या विठोबाला जाणाऱ्या दिंडीत उभा. शेजारी आमच्या गल्लीतले अण्णा. अण्णा माळकरी. मी ख्रिस्ती; मिशनरी वाइल्डरसाहेब 1852 साली कोल्हापुरात आले आणि त्यातून जी मंडळी, म्हणजे चर्च, उभी राहिली, तिच्यातल्या चौथ्या पिढीचा.

आमचं बोलणं पंधरा-वीस दिवस बंद होतं. जूनमध्ये सांगलीच्या मोर्चात एका आमदाराने धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांना मारणाऱ्यांसाठी बक्षिसं जाहीर केली. तो व्हिडिओ अण्णांनी गल्लीच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडल्याचं चित्र. मी रात्री दीडपर्यंत उत्तर लिहीत बसलो आणि पाठवलं नाही. क्षमा वगैरे काही नाही, नुसती भीती.

शनिवारी संध्याकाळी अण्णाच दारात. "पोरगं पुण्यात अडकलंय. गुडघा दुखतोय. येतोस काय सोबतीला?" व्हिडिओचं नाव नाही. मी हो म्हणालो आणि मग आमच्या मंडळीतल्या एका वडिलांना, म्हणजे एल्डरना, फोन केला, की उद्या उपासनेला नाही. ते म्हणाले, दोन धन्यांची चाकरी होत नाही बाबा. त्यांना मी वेडं ठरवणार नाही. घरादारावर पाणी सोडून आपली माणसं ज्या श्रद्धेत आली, तिला सहज पातळ करू नये असं मलाही वाटतं. पण संडे स्कूलमध्ये शिकवताना वारीची टिंगल मीही केलेली आहे, मुलं हसलीही होती. ते आठवलं की अजून कान तापतात.

भुरभुर पाऊस होता. एकाने माझ्या हातात टाळ दिले. ताल मला परका नव्हता. आमच्या उपासनेतही ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं टाळ-पेटीवर होतात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळकांनीच सांगून ठेवलंय. तरी विठ्ठलनामाची ओळ आली की मी गप्प व्हायचो, टाळ तेवढे वाजवायचो. साने गुरुजी वसाहतीपर्यंत हे अण्णांच्या ध्यानात आलं.

"तोंड का मिटतंय रं?"

"जे मनात नाही ते तुमच्या देवापुढं कसं म्हणू, अण्णा?"

ते काही बोलले नाहीत. पुढे एक म्हातारी बुक्क्यात बोट बुडवून सगळ्यांच्या कपाळाला लावत आली. मी हात जोडून म्हणालो, "माऊली, मी ख्रिस्ती आहे." तिचं बोट हवेतच थांबलं. मग तिने ते पदराला पुसलं, पिशवीत हात घालून राजगिऱ्याचा लाडू काढला. "ह्यो तर चालतोय न्हवं?" मूर्तीपुढच्या नैवेद्यावरून बायबलात पौलाने करिंथकरांना अख्खा अध्याय लिहिलाय, तो मला बऱ्यापैकी पाठ आहे. लाडू मी चालता चालता संपवला.

पुईखडीचा चढ लागला तसे अण्णा माझ्या खांद्यावर भार टाकून चालू लागले आणि इतक्या दिवसांचं तिथे बाहेर आलं. "पैसे देऊन बाटवत्यात, हे खोटं हाय काय?" मी म्हणालो, कुठे कोणी तसं करत असेल तर मीही त्याच्या विरुद्ध आहे, पण माझ्या पणजोबांनाही लोक भाकरीसाठी बाटला म्हणायचे. असेलही. गावाने ज्याला पाणी दिलं नाही त्याला कुणी भाकरी दिली, तर तो कुणाच्या बाजूला बसेल? आणि त्या व्हिडिओत मारायला सांगितलंय, ते मलाच सांगितलंय अण्णा. माझा मेहुणा पाद्री आहे.

"तुला कोण हात लावतंय? मी हाय की."

"तुम्ही आहात म्हणून नको. तुम्ही नसाल तिथंही नको."

रिंगणात घोडा सुटला, सगळे तिकडे धावले, बोलणं तिथेच तुटलं. अण्णांचं मत बदललं असं मला वाटत नाही. व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे. मी मात्र घरी जाऊन उत्तर लिहिलं, या वेळी पाठवलंही, तीनच ओळी.

पण ते रात्री. नंदवाळात दर्शनाची रांग पार बाहेरपर्यंत आली होती. मी आत जाणार नव्हतो, म्हणून अण्णांच्या चपला घेऊन एका कट्ट्यावर बसलो. पाच मिनिटांत एक बाई आल्या, न विचारता आपला जोड माझ्यापुढे ठेवून गेल्या. मग त्यांच्या मागच्या. मग एक अख्खं कुटुंब. दीड तासाने अण्णा बुक्का लावून आले तेव्हा माझ्यापुढे तीसेक जोड झाले होते आणि उठायची सोय उरली नव्हती. अण्णा चरफडत शेजारी टेकले.

"अरे, कुणाची कुठली, एवढं तरी ध्यानात ठेवायचंस!"