जिमनी उंचावली, मग स्टिअरिंग ताळ्यावर आणलं

कोकणातल्या गावच्या वाटेवर पोटाला दगड लागू नयेत म्हणून जिमनीला, म्हणजे सुझुकीच्या छोट्या फोर-बाय-फोर गाडीला, सस्पेन्शन उंच करणारी ५० मिमीची लिफ्ट घातली. दगड चुकले. पण हायवेला गाडी सतत धरून ठेवावी लागायची, आणि ताम्हिणीत वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून मध्यावर येईना.

अलाइनमेंटच्या मशीनवर टो-इन, म्हणजे पुढची चाकं किती आत वळलेली आहेत ते माप, बरोबर आलं. "दादा, कॅस्टर पडलाय. पण त्याला इथे ॲडजस्टमेंटच नाही," तिथला पोरगा म्हणाला, आणि त्याचं निदान अचूक होतं. कॅस्टर म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, त्याचा मागे असलेला कल. जिमनीचा पुढचा ॲक्सल अखंड आहे, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड त्याच्याबरोबरच वरखाली होतो, त्यामुळे लिफ्टने टो फारसा हलत नाही. ॲक्सल धरणारे रेडियस आर्म मात्र मागच्या टोकाला चॅसीत अडकवलेले. चॅसी वर गेली की ते तिरपे होतात आणि ॲक्सलचा माथा पुढे झुकतो. सायकलचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा किंगपिनचा, म्हणजे चाक वळण्याच्या त्या अक्षाचा, कल चाकाला सरळ ठेवतो. तोच सुमारे दोन अंशांनी कमी भरला.

उपाय म्हणजे रेडियस आर्ममध्ये ऑफसेट बुश, म्हणजे सांध्यातल्या अशा रबरी नळ्या, ज्यांचं भोक मध्यावर नसतं. ते उलटे बसले तर कॅस्टर आणखी पडतो, म्हणून प्रेसवर चढवण्याआधी दिशा खुणेने पक्की केली. बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी करूनच. जॅकवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हरवलेला कल पूर्ण परत आणायचा हट्ट मी धरला नाही. ॲक्सल मागे फिरवला की डिफरन्शिअलचं तोंड खाली जातं आणि त्याला इंजिनाची ताकद देणाऱ्या पुढच्या प्रॉपशाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. दीड अंश परत मिळवून थांबलो. फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन चालवताना, थरथर नाही.

मग पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा, चॅसीला जोडलेला आडवा दांडा. उंची वाढली की तो ॲक्सलला आडवा ओढतो. दोन्ही बाजूंना ओळंबा सोडून मोजलं, तर ॲक्सल ड्रायव्हरच्या बाजूला सरकलेला. लांबी बदलता येणारा रॉड घालून तो मध्यावर आणला, तेव्हा स्टिअरिंग व्हील तिरकं झालं. "व्हील काढून सरळ बसवतो," असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आतला स्टिअरिंग बॉक्स मध्याबाहेरच राहतो. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची, म्हणजे ड्रॅग लिंकची, लांबी बदलूनच व्हील सरळ करायचं. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड समांतर दिसले पाहिजेत. एकाचंच टोक खाली उतरवलं, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतः वळते.

आता घाटातून उतरताना हात सैल सोडला की स्टिअरिंग परत येतं. १०० मिमीच्या लिफ्टचा विचार मी सोडला आहे: तेवढ्या उंचीला हे बुश पुरत नाहीत, रेडियस आर्मच बदलावे लागतात.